नियुक्ती, नामनिर्देशन, पदसिद्ध: कुठे काय लिहावे?

विचारणा: अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांवरचा मजकूर मराठीत आणतो आहे. 'बोर्ड ऑफ ट्रस्टीज'ला विश्वस्त मंडळ म्हणावे का? आणि राज्यपाल त्या मंडळींना नेमतात की नामनिर्देशित करतात?

उत्तर १: 'विश्वस्त मंडळ' चालेल, फक्त एकदा खुलासा करा. नाहीतर वाचकाला धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास वाटतो. क्रियापद मात्र राज्यागणिक बदलते. इलिनॉय विद्यापीठात राज्यपाल नऊ विश्वस्त सहा वर्षांसाठी नेमतात आणि त्याला राज्याच्या सिनेटची संमती लागते, म्हणून तिथे 'नेमणूक'. राज्यपाल स्वतः मंडळावर 'पदसिद्ध', म्हणजे पदामुळे आपोआप सदस्य, असतात, तर विद्यार्थी विश्वस्त विद्यार्थ्यांमधून निवडून येतात. मिशिगन विद्यापीठाच्या आठही रीजंटना (तिथले मंडळ-सदस्य) राज्यभरातले मतदार निवडून देतात, तेव्हा तिथे 'नियुक्त' लिहिले की चुकलेच.

सगळ्यात मोठी गफलत 'सिनेट'ची होते. तिथे सिनेट म्हणजे विधिमंडळाचे एक सभागृह. आपल्याकडे विद्यापीठाची अधिसभा. 'सिनेटने संमती दिली' एवढेच छापले तर पुण्या-मुंबईचा वाचक अधिसभाच समजणार.

उत्तर २: भर घालतो. हिंदी बातमीवरून काम करत असाल तर जपून. हिंदीतला 'कुलपति' म्हणजे आपला कुलगुरू आणि 'कुलाधिपति' म्हणजे आपला कुलपती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार राज्यपाल हे कुलपती, तेही पदसिद्ध. कुलगुरूंसाठी आधी शोध समिती नावांची यादी देते, त्यातून कुलपती नेमणूक करतात. म्हणजे समिती 'शिफारस' करते. 'समितीने कुलगुरू निवडले' हे वाक्य कितीही छापून आले तरी चूकच.

विचारणा: मग 'राज्यपालनियुक्त आमदार'? तेही चूक?

उत्तर १: रूढ आहे, पण संविधानाच्या अनुच्छेद १७१ मध्ये शब्द नामनिर्देशनाचा आहे. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतली माणसे. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत अशा जागा १२. बातमीत 'राज्यपालनियुक्त' राहू द्या, कायद्याच्या मजकुरात 'नामनिर्देशित' हवे. नगरपालिकेतला 'स्वीकृत', म्हणजे निवडणुकीविना घेतलेला, सदस्य त्याच जातीचा वाटतो, पण फरक मोठा आहे: स्वीकृत नगरसेवकाला सभेत मत नाही, नामनिर्देशित आमदाराला परिषदेत आहे. शिवाय उमेदवार भरतो तेही 'नामनिर्देशनपत्र'च, त्यामुळे मथळ्यात नुसते 'नामनिर्देशन' लिहिले तर अर्थ लागत नाही.

उत्तर ३: अधिकाऱ्यांच्या बाबतीतही हाच गोंधळ. निकाल लागला की गावात फलक झळकतो, 'उपजिल्हाधिकारीपदी नियुक्ती'. तोवर झालेली असते ती फक्त लोकसेवा आयोगाची शिफारस. पुढे कागदपत्रे, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, मग शासनाचा नियुक्ती आदेश. त्यात जागाच अडकते असेही होते. निवड यादीत नाव आले म्हणून नेमणुकीचा पक्का हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शंकरसन दाश खटल्यात सांगितले आहे. आदेशानंतर 'रुजू', आणि तिथून परिविक्षा कालावधी, म्हणजे प्रोबेशन. 'पदस्थापना' वेगळी: नेमणूक पदावर होते, पदस्थापना ठिकाणावर. बदली झाली तर पदस्थापना नवी, नियुक्ती तीच. दुसऱ्याचे टेबल काही दिवस सांभाळायला दिले असेल तर 'अतिरिक्त कार्यभार' लिहा.