मिठागरावर दहा मिनिटांची फिल्म करायची आहे, ४५ हजारांत काय घेऊ?

शापोराकाठ
नमस्कार. लग्न-बारशांचे फोटो काढते. आता कुणाच्या ऑर्डरीशिवाय एक काम स्वतःसाठी पूर्ण करायचं आहे, कारण तीच ती पोझ काढून हात एका ठिकाणी अडकल्यासारखा झालाय. विषय ठरलाय: गोव्यातल्या पेडण्यात आगरवाड्याकडची मिठागरं. दहा मिनिटांची फिल्म आणि वीसेक फोटो.
हाताशी कॅनन २०० डी, १८-५५ किट लेन्स, साधा ट्रायपॉड आणि १६ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे. बजेट ४५ हजार, त्यावर एक रुपया नाही. कॅमेऱ्याची बॉडी बदलू का? ड्रोन लागेल का? माईक कुठला?

म्हापसेकर७७
सरळ सोनी झेडव्ही-ई१० घे. २०० डी ला ४के (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचा व्हिडिओ) नाही, तिथेच विषय संपला. लेन्ससकट साठ-पासष्ट धर. थोडं ताण, पण पाच वर्षं बघायला नको. माझ्याकडे हीच आहे, फोकस डोळ्यावरून हलत नाही.

काचबिंब
ताईंनी ४५ लिहिलंय, ६५ नव्हे. शिवाय झेडव्ही-ई१० ला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. मिठागरात खालून पाणी आणि वरून ऊन, स्क्रीनवर काही दिसत नाही. ४के मध्ये कॅमेरा झटकन फिरवला की उभे खांब तिरके होतात, तेही ध्यानात ठेवा.

म्हापसेकर७७
२०० डी चा व्ह्यूफाइंडर ऑप्टिकल आहे, व्हिडिओत तोही काळाच असतो. मग फरक काय राहिला? स्क्रीनवर हूड लाव किंवा डोक्यावरून काळं कापड घे, दोन्ही कॅमेऱ्यांना तेच करावं लागणार.

ध्वनिवेडा
बॉडीचा वाद बाजूला ठेवा. अशी फिल्म पडते ती आवाजात. चित्र थोडं मऊ असलं तरी लोक बघतात, पण बोलणं वाऱ्यात गेलं की दुसऱ्या मिनिटाला बंद करतात.
झूम एच१ एसेन्शियल हा छोटा रेकॉर्डर घ्या, दहा-बारा हजारांत बसतो. ३२-बिट फ्लोट रेकॉर्ड करतो, त्यामुळे लेव्हल लावायची कटकट नाही. कुजबुज आणि आरोळी एकाच फाइलमध्ये नंतर सावरता येतात. पण ३२-बिटवर वाऱ्याचं औषध नाही. वाऱ्याने माईकचा पडदाच थडथडतो आणि तो आवाज बोलण्यावर बसला की कुठल्याच सॉफ्टवेअरने धड निघत नाही. माईकवरचा साधा स्पंज तिथे अपुरा पडेल, वर लांब केसांचं फरचं कव्हर हवंच. लो-कट (खालची घरघर कापणारी सेटिंग) ८० हर्ट्झला ठेवा. समुद्राकडचा वारा साधारण दुपारपासून जोर धरतो, म्हणून मुलाखती सकाळी उरकायच्या. रेकॉर्डर बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीत-दीड वीत, फ्रेमच्या जरा बाहेर. ४८ किलोहर्ट्झ. नंतर चित्र-आवाज जुळवायला सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी, कारण वेगळा रेकॉर्डर आणि कॅमेरा लांब टेकमध्ये काही फ्रेम्सनी सरकतात.
आणि प्रत्येक जागी कोणी न बोलता एक मिनिट नुसता परिसर रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधली फट त्यानेच बुजते.

पणजीचो_भाव
ध्वनिवेडांशी सहमत, आवाजच महत्त्वाचा. पण मिठागर वरून दिसलं पाहिजे! चौकोनी कोंडी, बांधांची नक्षी... ड्रोनशिवाय मजा नाही.

काचबिंब
ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय (सरकारची ड्रोनसाठीची साइट) वर नकाशा बघा. पेडणे तालुक्यातच मोपाचा विमानतळ आहे, खाली दाबोळीला नौदल. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण झोनचे नियम त्यालाही लागतात. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. दुकानात मिळतो म्हणून बिल-वॉरंटी मिळेलच असं नाही.

पणजीचो_भाव
सगळे उडवतात मरे.

काचबिंब
सगळे उडवतात म्हणून तो सल्ला होत नाही.

एनडीसोळा
उन्हात एक्सपोजर (आत घ्यायचा उजेड) कसा ठेवायचा ते कुणी बोललंच नाही. व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५०. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ वर १/१०० बसतं. तुम्हाला एफ/५.६ हवं म्हणजे तीन स्टॉप (एक स्टॉप कापला की उजेड निम्मा), शटर १/५० म्हणजे आणखी एक. चार स्टॉप कापायचे, म्हणजे एनडी १६ (लेन्सपुढचा उजेड कापणारा काळसर फिल्टर). मिठाच्या राशीवर एनडी ३२ सुद्धा लागेल. किट लेन्सचा फिल्टर ५८ मिमी, आणि लांबचं जवळ आणणारी ५५-२५० आयएस एसटीएम लेन्स घेतलीत तर तिलाही ५८ च. एकाच फिल्टरवर दोन्ही चालतात. स्वस्त व्हेरिएबल एनडी शेवटपर्यंत फिरवला की वाइडला आकाशात काळी फुली उमटते, म्हणून ठरावीक ताकदीचा घ्या.
फोटोत मात्र उलटं. मीटर पांढऱ्या मिठाला राखाडी करतो, तेव्हा एक्सपोजर +२/३ ते +१ द्या आणि हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटू देऊ नका. व्हिडिओ ८-बिट आहे (छटा कमी साठतात), जळलेलं पांढरं परत येत नाही, तिथे एक्सपोजर थोडं कमीच ठेवा.

म्हापसेकर७७
सोनीत झेब्रा आहे. जळतंय ते लगेच दिसतं. २०० डी त नाही.

बांधावरचा
आगराबद्दल लिहितो, कारण इथे सगळे मशिनींबद्दलच बोलताहेत.
मिठाचा हंगाम जानेवारी ते मे, पण पहिले आठवडे मीठ नसतं, तयारी असते. भरतीचं पाणी मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) आत घेतात, ते एका मोठ्या कोंडीत (बांधांनी अडवलेल्या चौकोनात) साठतं, तिथून पुढच्या कोंडीत तापून दाट होतं आणि शेवटच्या उथळ चौकोनात स्फटिक धरतं. त्याआधी चिखलाची जमीन पायांनी तुडवून घट्ट करतात. फिल्मचं अर्धं पोट त्या तुडवण्यात आहे आणि ते कुणीच टिपत नाही, सगळे पांढरी रास व्हायच्या वेळी येतात. मानस उघडताना पाहायची असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती बघून जा.
शेवटच्या कोंडीत पाय ठेवू नका. तळाची माती उकरली गेली की ती मिठात मिसळते, मीठ काळपट होतं आणि त्याचा भाव पडतो. ट्रायपॉडचा पायही तिथे नको, तो बांधावर. बांध अरुंद आणि निसरडे असतात, एक पाय आखूड करून ठेवा. फळीने मीठ ओढायचं काम बहुधा ऊन उतरल्यावर चालतं, पण प्रत्येक आगराची वेळ वेगळी. आधी दोन-तीनदा कॅमेऱ्याशिवाय जा, भाटकाराची (जमीनमालकाची) आणि काम करणाऱ्यांची दोघांचीही परवानगी घ्या. ओढणाऱ्याला "पुन्हा एकदा करा" म्हणू नका. फळी एकदा फिरली की तो चौकोन संपला.
अवकाळी पाऊस आला तर तयार मीठ विरघळतं. तोही चित्रीकरणाचाच भाग धरा.

शापोराकाठ
@बांधावरचा, हे सोन्यासारखं. तुडवणी बघायलाच हवी.

डबेवाली
कॅमेरा वाचवायचं कुणी सांगितलं नाही. मीठ ओलं राहिलं की माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आणि ट्रायपॉडच्या स्क्रूंना गंज धरतो. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बॉडी पुसा, शेवटी कोरडं कापड. थेट कोरडं घासलं की स्फटिकांचे ओरखडे पडतात. समोरच्या काचेला हे कापड नको, तिला ब्लोअर आणि लेन्सचं लिक्विड. ट्रायपॉडचे पाय उघडे करून नळाखाली धुवा. लेन्स आगरात बदलू नका.
पावसाळ्यात गोव्यात लेन्सला बुरशी ठरलेलीच. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आत छोटा हायग्रोमीटर. ४० ते ५० टक्के आर्द्रता ठेवा. तांदूळ घालू नका, पीठ उडतं.

पणजीचो_भाव
ड्राय कॅबिनेट घ्या ना मग. आठ-दहा हजारांत येतं. माझं छान चाललंय.

डबेवाली
दोन लेन्सना डबा पुरतो. ते पैसे रेकॉर्डरला द्या.

संकलक
एडिटिंगचं सॉफ्टवेअर दाविंची रिझॉल्व्ह फुकट आहे, विंडोजवर २०० डी च्या फाइल्स थेट घेतो. फुल एचडी २५ ला मिनिटाला सव्वादोनशे एमबीच्या आसपास, म्हणजे तासाला १३ जीबी. दोन हार्ड डिस्कवर दोन प्रती, कार्ड त्यानंतरच फॉरमॅट. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद न हलवता धरा. एका कामाचे पाच शॉट: लांबून, मधून, हात, चेहरा, काम झाल्यावरची जागा. हे पाच असले की एडिटिंगला अडत नाही.

शापोराकाठ
सगळ्यांचे आभार. ठरलं, आणि बहुतेक कुणाला पटणार नाही. व्हिडिओ करत नाही. फिल्म स्थिर फोटो आणि आवाजावर उभी करणार. झूमचा रेकॉर्डर, फरचं कव्हर, जुनी ५५-२५० एसटीएम आणि एक हार्ड डिस्क. ४५ च्या बऱ्याच आत बसतंय. एनडी, ड्रोन, नवी बॉडी काहीच नाही. मला फोटोच येतात, त्यातच पुढे जायचंय.

म्हापसेकर७७
मग फिल्म कशाला म्हणायची? एकदा दुकानात जाऊन सोनी हातात तरी घेऊन बघ.

एनडीसोळा
हलणारं पाणी आणि हलणारी फळी फोटोत कशी येणार? विचार करा परत.

ध्वनिवेडा
येईल. फळीचा खरखराट नीट ऐकू आला तर बघणारा ती डोळ्यांसमोर आणतो. फक्त शटरचा खटका रेकॉर्डिंगमध्ये येऊ देऊ नका. आवाज घेताना फोटो नाही, फोटो काढताना रेकॉर्डर बंद. सगळे फोटो आडवे काढा. फ्रेम ३:२ आहे, ती १६:९ (व्हिडिओची रुंद चौकट) करताना वर-खाली कापलं जाईल तेवढी जागा सोडा. ६००० पिक्सेल रुंदी आहे, १०८० (फुल एचडी) च्या टाइमलाइनवर तिपटीपर्यंत आत शिरता येतं. तुडवणीचा आवाज घेताना रेकॉर्डर जमिनीपासून हातभर वर धरा. चिखल उडतो.