मूव्हिंग हेड आणि व्हिज्युअलायझर जुळत नाहीत, दुरुस्ती नेमकी कुठे करायची?

धुकं_मशीन

मंडळी नमस्कार, सांगलीहून लिहितोय. भावगीतं आणि नाट्यगीतांचा एक कार्यक्रम घेऊन आम्ही फिरतो. इथलं भावे नाट्यमंदिर, साताऱ्याचं शाहू कला मंदिर, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, जिथली तारीख मिळेल तिथे. लाइट माझ्याकडे. आतापर्यंत पार (एका जागी रोखलेले साधे दिवे) आणि एलईडीवर भागत होतं, आता निर्मात्यांनी आठ मूव्हिंग हेड (कन्सोलवरून वळवता येणारे दिवे) मंजूर केलेत. चार स्पॉट फ्रंट बारवर (१ ते ४), चार २३० वॅटचे बीम मागच्या बारवर सायकच्या (मागच्या कोऱ्या पडद्याच्या) पुढे (५ ते ८). सगळा माल भाड्याचा. बीमना जो तो 'शार्पी' म्हणतो, पण अंगावर नाव भलतंच असतं.

घरी कॅप्चरमध्ये (हाच व्हिज्युअलायझर, म्हणजे स्टेज आणि दिवे स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) स्टेज काढलं, ॲव्होलाइट्सचा टायटन (कन्सोलचं सॉफ्टवेअर) दुसऱ्या लॅपटॉपवर, मध्ये आर्टनेट (नेटवर्कवरून दिव्यांचा सिग्नल). सगळी गाणी प्रोग्राम केली. स्क्रीनवर बघून निर्माते खूश. नाट्यगृहात शो फाइल टायगर टच कन्सोलवर टाकली आणि हे असं झालं:

१ आणि २ दिशेला बरोबर, पण चेहऱ्यावर ठेवलेला स्पॉट गायिकेच्या पोटावर येतो.

३ आणि ४ थेट बाल्कनीत. कन्सोलच्या पॅचमध्ये (दिव्यांच्या यादीत) टिल्ट, म्हणजे वर-खाली हालचाल, इन्व्हर्ट (उलटी) केल्यावर स्टेजवर आले, पण आता कॅप्चरमधले ३ आणि ४ बाल्कनीत गेलेत.

५ ते ८ सरळ खाली असताना ठीक. किरणांचा पंखा उघडला की स्क्रीनपेक्षा जास्त पसरतात.

७ नंबर कधी बरोबर असतो, कधी नसतो.

आधीचा प्रयोग सुटल्यावर स्टेज मिळतं, मग साडेनऊची घंटा. त्यात साउंडवाल्यांना पण वेळ हवा. नक्की काय बदलू? कन्सोल, कॅप्चर की दिवे? की व्हिज्युअलायझरचा नादच सोडू?

जुना_डिमर

नाद सोडू नकोस. तुझं वर्णन चांगलं आहे, निम्मं उत्तर त्यातच आहे. नुसतं 'जुळत नाही' असं लिहिलं असतंस तर मीही 'दिवे रिसेट मारून बघ' म्हणून चहा प्यायला गेलो असतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. कन्सोलमधून जो डीएमएक्स (दिव्यांना हुकूम देणारा सिग्नल) निघतो तोच खऱ्या दिव्याला जातो आणि तोच कॅप्चरला जातो. म्हणून पॅचमधलं इन्व्हर्ट दोघांनाही लागतं. एक सुधारला की दुसरा बिघडणारच, तुझ्या ३ आणि ४ चं तेच झालंय. खरा दिवा आणि चित्रातला दिवा एकमेकांशी जुळत नसतील तर ते कन्सोलमध्ये कधीच सुटणार नाही. ते चित्रात सुटेल, नाहीतर शिडीवर.

३ आणि ४ उलटे टांगलेत. डिस्प्ले एका बाजूला हवा होता, तो दुसऱ्या बाजूला आहे. बहुतेक केबल पुरत नव्हती म्हणून पोराने बेस फिरवून क्लॅम्प मारला असणार. टांगलेला दिवा उभ्या अक्षाभोवती १८०° फिरवला तर तेच पॅन (डावी-उजवी हालचाल) आणि उलटा टिल्ट, हिशेब सरळ आहे. म्हणून तुझ्या इन्व्हर्टने खरे दिवे सरळ झाले. आता इन्व्हर्ट तसंच राहू दे आणि कॅप्चरमध्ये ३ आणि ४ ला १८०° फिरव. दोन्हीकडे जुळेल.

इन्व्हर्टला हात लावण्याआधी एक मात्र बघत जा. भाड्याच्या दिव्याच्या स्वतःच्या मेनूमध्येही पॅन रिव्हर्स, टिल्ट रिव्हर्स असतं. आदल्या रात्री तो दिवा कुणाच्या तरी हळदीला गेलेला असतो, तिथे कोणी काय चालू करून ठेवलंय देव जाणे. टेम्पोतून उतरला की वर चढवायच्या आधी फॅक्टरी डिफॉल्ट, मग मोड आणि ॲड्रेस. बारवर गेल्यावर ते बटण दाबायला शिडी लागते.

१ आणि २ म्हणजे उंची. दिशा बरोबर, कोन बरोबर, फक्त बार तू काढलायस त्यापेक्षा खाली आहे. कोन तोच ठेवून दिवा दोन फूट खाली आणला की किरण समोरच्या माणसावर बरोब्बर दोन फूट खाली येतो. चेहऱ्यावरून पोटावर. जमिनीवर बघशील तर अजून गंमत आहे: उतार ४५° असेल तर जमिनीवर दोन फूट अलीकडे पडेल, पण फ्रंट बारवरून किरण लांबून, आडवा येतो. उभ्या रेषेपासून ६०° असेल तर तोच फरक साडेतीन फुटांच्या जवळ जातो. म्हणून फ्रंटची उंची अंदाजाने टाकायची नाही. नाट्यगृहाच्या माणसाला विचारलं तर तो 'वीस फूट' म्हणतो, पुण्यात विचारा नाहीतर नाशकात. लेझरचं मीटर घे, बारच्या खाली उभा राहा आणि वर मार. आणि बार प्रेक्षागृहात असतो, स्टेज तिथल्या जमिनीहून उंच. दोन्ही मापं एकाच पातळीवरून धर, नाहीतर सगळं मोजूनही तीन-चार फुटांचा घोळ राहील.

५ ते ८ ची लायब्ररी, म्हणजे दिव्याच्या माहितीची फाइल, चुकली आहे. तू कॅप्चरमध्ये क्ले पाकी कंपनीची शार्पी घेतली असशील. तिचा टिल्ट २५०°. भाड्याच्या त्या २३० वॅटच्या '७आर' चा बऱ्याचदा २७०° असतो. ५०% ला दोघंही मधोमध, म्हणून सरळ खाली असताना तुला सगळं ठीक दिसतं. मधल्यापासून ३०% पुढे गेलास की चित्रात ७५° आणि खऱ्यात ८१°. सहा अंश म्हणजे ३० फुटांवर तीन फूट. मधून जसजसा लांब जाशील तसतसा फरक वाढतो, ही रेंजची खूण. सगळीकडे सारखाच फरक असता तर मी टांगणीकडे बोट दाखवलं असतं. काही दिव्यांत पॅन ५४० की ६३० हेही मेनूतून निवडता येतं, ते बघ. खरं सांगायचं तर हवेतल्या पंख्याला प्रेक्षक फूटपट्टी लावत नाही. वेळ नसेल तर हे सगळ्यात शेवटी कर.

७ आजारी आहे. रिसेटनंतर दर वेळी वेगळ्या जागी येत असेल तर बेल्ट सैल आहे नाहीतर सेन्सर. प्रोग्रामिंगने बरा होणार नाही. बदलून माग.

आता वेळेचं. स्टेज मिळाल्यावर पांढऱ्या टेपने चार फुल्या मार: पुढच्या कडेच्या बरोबर मध्यावर एक, तिथून डावीकडे-उजवीकडे दहा-दहा फुटांवर एकेक, आणि मध्यावरूनच मागे बारा फुटांवर चौथी. याच चार फुल्या कॅप्चरमध्ये आधीच काढलेल्या पाहिजेत. प्रत्येक स्पॉट आयरिस (किरणाचं भोक) लहान करून फुलीवर आण आणि चार पॅलेट (दिव्याच्या ठरलेल्या जागा) साठव. मग कॅप्चर उघडून बघ, चित्रातला दिवा कुठे पडतोय. चित्रातला दिवा आधी फिरव, मग वर-खाली कर, मग डावी-उजवीकडे सरकव. हाच क्रम ठेव. उंचीपासून सुरू केलंस तर फिरण्यातली चूक उंचीत लपते आणि मग चौथी फुली काही केल्या बसत नाही.

गाण्यांचं सगळं पोझिशन पॅलेटवर आहे ना? क्यूमध्ये (गाण्यातल्या साठवलेल्या प्रकाशाच्या टप्प्यात) सुटे आकडे असतील तर माझं वरचं सगळं फुकट.

धुकं_मशीन

काका, ३ आणि ४ चे डिस्प्ले खरंच भिंतीकडे आहेत, आत्ता फोटोत बघितलं. केबलचंच कारण!

बहुतेक क्यू पॅलेटवर आहेत. पण काही गाण्यांत पॅलेट घेतल्यावर कन्सोलचं व्हील थोडं फिरवून साठवलंय. आणि फुलीवर नेम धरून झाला तरी माणसाच्या चेहऱ्यावर तो कसा बसणार? फुली जमिनीवर आहे.

जुना_डिमर

व्हील फिरवलं की पॅलेटशी नातं तुटलं. त्या क्यूमध्ये आता नुसता आकडा बसलाय, पॅलेट अपडेट केलंस तरी तो जागचा हलणार नाही. शोधून काढ आणि त्या जागेचं वेगळं पॅलेट कर.

फुल्या फक्त चित्र जुळवायला. चेहऱ्याचा फोकस माणूस उभा करूनच. कोणीही चालेल, फक्त गायिका पाच फुटांची आणि उभा केलेला पोरगा सहा फुटांचा असं नको. त्याला माइकसमोर उभा कर आणि नाकाखाली बघ. सावली वरच्या ओठापर्यंत येऊन थांबली तर कोन चांगला. हनुवटीपर्यंत ओघळली तर बार फार डोक्यावर आहे, दिवा कितीही फिरवलास तरी डोळे काळेच राहणार, तिथे समोरून एखादा पार मंद ठेव. आणि त्याला विचार, भिंग थेट डोळ्यात येतंय का. 'आलं' म्हणाला की साठव.

एक राहिलं. स्पॉटचा मोड १६ बिटचा घे. ८ बिटमध्ये ५४०° चे २५५ भाग होतात, म्हणजे एक पायरी दोन अंशांहून जास्त. ३० फुटांवर तो एका फुटाहून मोठा हिसका आहे. हळू आलापात स्पॉट सरकताना तो हिसका आंधळ्यालाही दिसेल. त्या दिव्यांचे गार करणारे पंखेही ऐकू येतात म्हणा, पण ते साउंडवाल्याचं दुखणं.

ट्रस_आणि_वाळू

दुबईहून. काकांचं बरोबर आहे, पण एवढं हाताने करायची गरज आता राहिलेली नाही. जीडीटीएफ म्हणून दिव्याच्या माहितीची खुली फाइल आहे, एमए लायटिंग, रोबे आणि व्हेक्टरवर्क्सने मिळून सुरू केलेली. २०२० पासून ते जर्मन डीआयएन स्पेसिफिकेशनही आहे, १५८००. दिव्याचा पॅन किती, टिल्ट किती, सांगाडा कसा, सगळं त्यात. जोडीला एमव्हीआर, म्हणजे कुठला दिवा कुठे आणि कसा टांगलाय याची फाइल. कन्सोल आणि व्हिज्युअलायझर दोघंही तीच फाइल वाचतात, म्हणून लायब्ररी वेगळी पडायचा प्रश्न येत नाही. आम्ही इथे पॅन-टिल्टमध्ये साठवतच नाही, एक्स-वाय-झेडमध्ये साठवतो. गायक अमुक बिंदूवर, कोन कन्सोल काढतं. बार बदलला तर बारचं माप बदलायचं, झालं.

जुना_डिमर

दुबईकर, पद्धत उत्तमच आहे, मी नाकारत नाही. पण तुमच्याकडे ड्रॉइंगमध्ये जो दिवा असतो तोच ट्रकमधून उतरतो. आमच्याकडे संध्याकाळी फोन येतो, 'काका, ते स्पॉट लग्नाला गेले, त्याच्यासारखेच दुसरे पाठवतो.' त्या 'त्याच्यासारख्या' ची जीडीटीएफ कोण बनवणार? आणि एक्स-वाय-झेडला बेस लेव्हलमध्ये लागतो. इथे गोल पाइपवर एकाच क्लॅम्पने लटकलेला दिवा दोन-तीन अंश कलतोच. तुमचं गणित अचूक, दिवा तिरका. धुकं_मशीनने एमव्हीआर शिकून ठेवावं, पण या दौऱ्यात आठ-दहा पॅलेट आणि चार फुल्या त्याला जास्त कामाला येतील.

ट्रस_आणि_वाळू

त्याच चार फुल्यांनी कललेला दिवाही पकडता येतो काका, काही कन्सोल नेमके असेच बिंदू घेऊन कॅलिब्रेशन करतात. पण भाड्याचा मुद्दा मान्य. इथेही छोट्या कार्यक्रमांना 'त्याच्यासारखे' च येतात.

पिवळा_जेल

मी प्रायोगिक नाटकांचे लाइट करते, मूव्हिंग हेड क्वचितच वाट्याला येतात, तरी एक सुचवते. पॅलेटची नावं जागेवरून देऊ नका. 'पुढे डावीकडे', 'मध्य' अशी नावं घरी सोपी वाटतात, पण एका नाट्यगृहात निवेदक डाव्या विंगेजवळ असतो आणि दुसरीकडे पोडियम उजवीकडे ठेवलेलं असतं, कारण सरस्वतीची मूर्ती आणि समई तिकडे. 'निवेदक', 'गायिका', 'हार्मोनियम', 'तबला', 'समई' अशी नावं ठेवा. मग फोकस करताना डोकं लावावं लागत नाही. निवेदक कुठे आहे ते बघायचं आणि दिवा तिथे न्यायचा.

शिवाय फोकसचा क्रम कागदावर लिहून ठेवा. गायिका आधी, कारण वेळ संपला तर बाकीच्यांना पारवर ठेवता येतं.

जुना_डिमर

हे मीच सांगायला हवं होतं. समईचं पॅलेट तर नक्की कर, दीपप्रज्वलनाला पाहुणे कुठे उभे राहतील याचा भरवसा नसतो.

धुकं_मशीन

सगळ्यांचे आभार. कालच्या प्रयोगाला फुल्या मारून केलं. चित्रात १ आणि २ आता बसले, बार खरंच काढल्यापेक्षा खाली होता. ३ आणि ४ कॅप्चरमध्ये फिरवले, इन्व्हर्ट ठेवलं, जुळले. नावं ताईंनी सांगितली तशी केली आणि फोकस साउंड चेकच्या आधी संपला. बीमची लायब्ररी अजून बदलली नाही, २७०° ची सापडली की बदलतो.

७ नंबरबद्दल भाडेवाल्यांना सांगितलं. ते म्हणतात दिवा चांगला आहे, तुमच्या प्रोग्रामिंगमध्ये काहीतरी असेल. पुढच्या प्रयोगालाही तोच येणार बहुतेक.

जुना_डिमर

मग त्याला कुठल्याही पॅलेटवर थांबवूच नकोस. फिरत्या इफेक्टमध्ये ठेव, लावणीच्या ठेक्याला वगैरे. थांबायची वेळ आली की शटर बंद कर आणि ६ व ८ मधलं अंतर थोडं कमी करून घे. त्या तीन दिव्यांच्या पंख्याचं वेगळं पॅलेट आजच करून ठेव. आणि पुढच्या वेळी तो टेम्पोतून उतरला की जमिनीवरच चालू करून तीनदा रिसेट मार, भाडेवाल्याचा माणूस शेजारी उभा असताना. मोबाइलवर व्हिडिओ काढ.