घराजवळचा बेस की युनियन?
पायलट भाच्याने कुडाळच्या घरापासून जवळ म्हणून गोव्यातल्या मोपा विमानतळाचा बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते ठिकाण) देणारी छोटी एअरलाईन घ्यावी की युनियन आहे म्हणून बंगळूरवाली, असं विचारलंत, तर मी घराकडेच झुकेन. बंगळूरहून यायचं म्हणजे अर्धी सुट्टी प्रवासातच, त्यात कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल, बोलायलाच नको. पण युनियनवाले अगदीच कामाचे नाहीत असं नाही हो, पायलटांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ करायचा डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम २०२४ पासून कागदावरच होता, संघटना दिल्ली हायकोर्टात भांडल्या तेव्हा कुठे १ जुलै २०२५ ला लागू झाला, आणि तो युनियन नसलेल्या कंपनीतही लागतो. रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) नि बदलीच्या बाबतीत मात्र एकट्याचं कोण ऐकतंय? म्हणून मोपा बेस ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, आणि बाँड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा तेही बघा.