गुडघ्याच्या संधिवातावर शस्त्रक्रियेविना कोणता उपचार निवडावा?

प्रश्न (कोथरूड): माझ्या ६८ वर्षांच्या आईचे गुडघे झिजले असून जिना उतरताना फार दुखतात. स्टेरॉइडचे इंजेक्शन, पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेट्सचे इंजेक्शन) की केवळ व्यायाम, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, सदाशिव पेठ): सुरुवात व्यायामानेच करावी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, वर्षअखेरीस फिजिओथेरपी घेतलेल्या रुग्णांच्या वेदना व हालचाल स्टेरॉइड इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा अधिक सुधारल्याचे आढळले. इंजेक्शनचा आराम बहुधा काही आठवडेच टिकतो. मांडीच्या स्नायूंना बळकटी यायला मात्र दोन-तीन महिने चिकाटी लागते, आणि नेमकी तिथेच बहुतेक मंडळी कंटाळतात. वजन जास्त असल्यास तेही उतरवावे, कारण १ किलो घटल्यास चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो.

उत्तर (औंध): पीआरपी महाग आहे, २०२१ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत ते वर्षभरानंतर सलाइनच्या (औषध नसलेल्या मिठाच्या पाण्याच्या) इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही.

उत्तर (डॉक्टर, हडपसर): डायक्लोफेनॅकचे जेल आधी वापरून पाहावे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. पर्वतीच्या पायऱ्या तूर्तास टाळाव्यात, सपाट रस्त्यावरचे चालणे मात्र थांबवू नये.