मदत हवी आहे: गेम पंधरा मिनिटं छान चालतो, मग लॅपटॉप एकदम गळपटतो (तापमान मात्र ठीक!)

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून लिहितोय. जरा लांबण लागेल, पण अर्धवट माहिती दिली की पहिले पाच प्रतिसाद "कॉन्फिगरेशन काय?" असेच येतात. त्यामुळे सगळं एकदाच सांगून टाकतो.

लॅपटॉप दोन वर्षांचा. कोअर आय७ १३७००एच, आरटीएक्स ४०६०, १६ जीबी रॅम (८-८ च्या दोन स्टिक), गेम एसएसडीवर. घेतल्यापासून कधी कुरकूर नव्हती. गेले पंधरा दिवस मात्र असं होतंय: गेम सुरू केला की ९०च्या आसपास एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) मिळतात. साधारण पंधरा मिनिटांनी पंख्यांचा आवाज हळूहळू खाली येतो आणि त्याच सुमारास एफपीएस धाडकन १८-२० वर. माऊस हलवला की चित्र मागून फरफटत येतं. मग मध्येच दोन-तीन मिनिटं सुधारतं, पुन्हा पडतं. दहा मिनिटं बंद ठेवून परत खेळायला बसलो तर पाच-सहा मिनिटंच बरं चालतं.

करून पाहिलेलं: ग्राफिक्स ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर पुसून काढायचं सॉफ्टवेअर) मुळापासून काढून नवा टाकला, आधीची आवृत्तीही टाकून पाहिली. सेटिंग अल्ट्रावरून लोवर आणलं, तरी पडल्यावर २२च्या वर जात नाही. व्हायरस स्कॅन झाला. मागचं झाकण उघडून धूळही काढली. दुसराही गेम टाकून पाहिला, तेच.

सगळे म्हणतात गरम होत असेल. पण गळपटतो तेव्हा प्रोसेसर ५८ अंश आणि ग्राफिक्स कार्ड ५५ अंश दाखवतो! एवढं थंड असताना मंद का?

—

रात्रपाळी: फॉरमॅट मार भावा, विषय संपव.

—

निवांत: थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर पोचवणारा लेप) वाळली असेल. दोन वर्षांत बदलायलाच हवी. आणि १६ जीबी रॅम आता कमी पडते, ३२ करून टाका.

—

खटपट्या: पेस्ट आणि रॅम जरा बाजूला ठेवू. रॅम कमी पडली तर गेम अडखळतो, पण घड्याळ लावल्यासारखा पंधराव्या मिनिटाला गळपटून मग आपोआप सुधारत नाही. शिवाय दोन स्टिक आहेत, म्हणजे ड्युअल चॅनलचीही (दोन्ही स्टिक एकत्र वापरून वेग वाढवण्याची) अडचण नाही.

धागाकर्ते, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. "पंख्यांचा आवाज खाली येतो आणि त्याच सुमारास एफपीएस पडतात." उष्णतेमुळे थ्रॉटल होत असता, म्हणजे तापल्यामुळे स्वतःचा वेग कमी करत असता, तर पंखे बोंबलत राहिले असते. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे. तो ९५च्या पुढे रेंगाळतो, घड्याळगती थोडी खाली आणतो, पण तापलेलाच राहतो. तुमचा ५८वर आहे, कारण त्याला कामच करू दिलं जात नाहीये. म्हणजे तापमान ठीक आहे असं समजू नका, कुणीतरी लगाम खेचलाय असं समजा.

आता तो लगाम कुणाचा ते पाहू. एचडब्ल्यूइन्फो (लॅपटॉपचं तापमान, गती, वीज दाखवणारं सॉफ्टवेअर) फक्त सेन्सर दाखवण्याच्या मोडमध्ये उघडा, लॉगिंग (आकड्यांची नोंद) सुरू करा आणि वीस मिनिटं खेळा. खेळताना पडद्याकडे बघत बसू नका, लॉग नंतर वाचता येतो. मला चार आकडे हवेत, पडण्याआधीचे आणि पडल्यानंतरचे: प्रोसेसरची गती, प्रोसेसरचे वॉट, ग्राफिक्स कार्डचे वॉट आणि बॅटरीची टक्केवारी.

—

निवांत: चार्जर लावलेला असताना बॅटरीची टक्केवारी कशाला?

—

खटपट्या: लॉग येऊ द्या, मग बोलू.

—

धागाकर्ता: घ्या लॉग.

आधी: प्रोसेसर ३.९ गिगाहर्ट्झ, ६४ वॉट. ग्राफिक्स कार्ड ११४ वॉट. बॅटरी ६० टक्के. (बॅटरी जपायचा मोड चालू ठेवलाय, त्यामुळे ६०च्या वर चार्ज होत नाही.)

नंतर: प्रोसेसर ०.९ गिगाहर्ट्झ, ११ वॉट. ग्राफिक्स कार्ड ३६ वॉट. बॅटरी... ३८ टक्के. चार्जर पूर्ण वेळ लावलेला होता, चार्जिंगचं चिन्हही दिसत होतं. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पूर्ण स्क्रीनवर गेम असताना कोपऱ्यातली बॅटरी कोण बघतं?

—

खटपट्या: सापडलं बहुतेक. हिशेब बघा. प्रोसेसर ६४ आणि कार्ड ११४ मिळून १७८ वॉट. पडदा, पंखे, रॅम, एसएसडी आणि इकडेतिकडे जाणारी वीज धरून २००च्या पुढे. एवढी वीज चार्जरकडून मिळाली नाही तर उरलेली लॅपटॉप बॅटरीतून ओढतो. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये ही सोयच असते. बॅटरी एका पातळीखाली गेली की तो ही मदत थांबवतो आणि दोन्ही चिपांना करकचून आवळतो. ती पातळी प्रत्येक मॉडेलची वेगळी. तुमची चाळिशीच्या आसपास दिसते. आवळल्यावर बॅटरी थोडी भरते, लगाम सुटतो, म्हणून मध्येच सुधारतं. दहा मिनिटांच्या विश्रांतीत थोडीच भरते, म्हणून दुसऱ्या खेपेला पाच मिनिटांत बोऱ्या वाजतो. सेटिंग लो करून फरक पडला नाही तोही यामुळेच, ०.९ गिगाहर्ट्झचा प्रोसेसरच गेमला पुरत नव्हता.

पंधरा मिनिटांत २२ टक्के गेले. तुमची बॅटरी ८० वॉट-तासांची असेल तर ते साडेसतरा वॉट-तास, म्हणजे जवळजवळ ७० वॉटची तूट. आता टेबलाखाली वाका आणि अ‍ॅडॉप्टरवरच्या बारीक अक्षरांत आउटपुटपुढे काय लिहिलंय ते वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट.

—

धागाकर्ता: मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं. २० व्होल्ट, ६.७५ अँपिअर. म्हणजे १३५ वॉट.

पण माझ्या लॅपटॉपबरोबर २३० वॉटचा आला होता, खोक्यावर अजून तसं लिहिलेलं आहे!

—

रात्रपाळी: मग हा कुणाचा 😄

—

धागाकर्ता: ताईचा. पंधरा दिवसांपूर्वी ती राहून गेली. तिचाही त्याच कंपनीचा लॅपटॉप आहे, जरा हलका. दोन्ही अ‍ॅडॉप्टर काळे, पिन सारखीच. शेजारी ठेवले तर फरक कळतो, पण माझा टेबलामागे जमिनीवर पडलेला असतो, त्याच्याकडे बघतंय कोण? तिला फोन केला तर म्हणाली, "तरीच म्हटलं हल्ली बॅग एवढी जड का लागते."

एक शंका: तिच्या लॅपटॉपला २३०चा लावून काही बिघडलं असेल का?

—

खटपट्या: नाही. व्होल्टेज आणि पिन सारखी असेल तर जास्त वॉटच्या अ‍ॅडॉप्टरने नुकसान होत नाही. लॅपटॉप लागेल तेवढीच वीज घेतो. कमी वॉटचा लावला की ही अशी तऱ्हा. काही लॅपटॉप कमी ताकदीचा चार्जर लावला की सुरू होतानाच सूचना देतात, तुमच्याकडे ती आली होती का?

—

धागाकर्ता: पहिल्या दिवशी काहीतरी पिवळं आलं होतं. "पुन्हा दाखवू नका" वर टिचकी मारली होती मी. 🙈

—

निवांत: पेस्टचं माझं मत मागे घेतो.

—

धागाकर्ता (तीन दिवसांनी): अ‍ॅडॉप्टर परत आला. काल दीड तास खेळलो. एफपीएस ८८ ते ९५, बॅटरी शेवटपर्यंत ६०वर. प्रोसेसर ८९ अंशांपर्यंत गेला आणि पंखे इतके ओरडत होते की शेजारच्या खोलीतून "बंद कर ते" असा आवाज आला. आता दोन्ही अ‍ॅडॉप्टरवर पांढऱ्या पट्टीने नावं चिकटवली आहेत. ती पिवळी सूचना परत चालू कशी करायची, कुणाला माहीत असेल तर सांगा.