खेळण्यांच्या चाचणी-खर्चाविरुद्ध निवेदन: नेमकं मागायचं काय?

प्रश्न: रंधा-पटाशी

खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाविरुद्ध लाकडी आणि कापडी खेळणी करणाऱ्या छोट्या कारखानदारांचं निवेदन तयार होतंय. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मोठा कारखाना एका साच्यातून लाखभर नग काढतो, तेव्हा चाचणीचा खर्च नगामागे पैशांत बसतो. छोट्या कारखान्यात एका नमुन्याचे (डिझाइनचे) दोनशे नग निघतात आणि वर्षात पंधरा नमुने होतात. तिथे चाचणीच मालापेक्षा महाग पडते. मसुद्यात सध्या एकच मागणी आहे: सूक्ष्म उद्योगांना आदेशातून पूर्ण सूट द्या. ती टिकेल का? अमेरिकेतल्या हस्तकारागिरांनी असाच लढा दिला होता, त्यातलं इथे काय कामाला येईल?

उत्तर: मोजपट्टी

पूर्ण सूट मागू नका. पहिल्याच बैठकीत "मग मुलांच्या सुरक्षेचं काय?" असं विचारतील आणि विषय तिथेच संपेल.

अमेरिकेत २००७ साली शिशाचा रंग लावलेली खेळणी मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत मागवावी लागली. त्यातून १४ ऑगस्ट २००८ ला नवा कायदा झाला. रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ६०० वरून ९० वर आली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंना बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल बंधनकारक झाला. फेब्रुवारी २००९ ची मुदत डोक्यावर असताना छोट्या कारागिरांनी आणि दुकानदारांनी 'हँडमेड टॉय अलायन्स' उभी केली. खेळणं सुरक्षित असल्याचा पुरावा द्यायचा कसा, यावर त्यांनी जोर दिला.

त्यांना जे मिळालं ते टप्प्याटप्प्याने मिळालं. आधी चाचणीच्या सक्तीला एक वर्षाची स्थगिती आली, ती पुढे वाढली. मग कोरं लाकूड, सूत, लोकर, कागद अशा पदार्थांना शिशाच्या चाचणीतून वगळलं, कारण त्यात शिसं मर्यादेबाहेर जातच नाही. मग सुट्या भागांची चाचणी ग्राह्य धरली: रंगाचा डबा एकदा तपासला की त्या डब्यातून रंगवलेल्या सगळ्या नमुन्यांना तोच अहवाल चालतो. शेवटी १२ ऑगस्ट २०११ च्या दुरुस्तीत 'लहान तुकडी उत्पादक' असा वर्ग झाला, त्याला काही बाहेरच्या चाचण्यांतून सूट मिळाली. वर्षाची एकूण विक्री दहा लाख डॉलरपर्यंत (हा आकडा महागाईप्रमाणे वाढतो) आणि त्या वस्तूचे नग ७,५०० पर्यंत, या दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. नोंदणी दरवर्षी करायची.

मर्यादा मात्र त्यांनाही तीच. रंगातलं शिसं, लहान मुलांच्या खेळण्यांचे सुटे बारीक भाग, पाळणे, चोखण्या, धातूचे दागिने यांची बाहेरची चाचणी छोट्यांनाही चुकलेली नाही. निवेदनात हे स्वतःहून लिहा, त्याने वजन येतं.

उत्तर: फाईल-टिपण

वरच्यांशी सहमत. आता इथली बाजू.

आदेश डीपीआयआयटीचा (केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाचा) आहे, शुल्क आणि परवान्याच्या अटी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या). दोन्ही मागण्या एकाच पत्रात कोंबल्या तर दोघंही "हा विषय आमचा नाही" म्हणून बाजूला होतात. दोन वेगळी पत्रं करा आणि एकमेकांना प्रत लावा.

सूट आधीच दोघांना आहे: विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंद असलेले कारागीर, आणि भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत मालक व अधिकृत वापरकर्ते. त्यामुळे ज्यांचं 'पहचान' कार्ड (हस्तकला आयुक्तांकडचं कारागीर ओळखपत्र) निघू शकतं त्यांनी ते आधी काढावं. ते निवेदनापेक्षा लवकर हाती पडेल. खरी मेख शब्दांत आहे. कारागिराने 'बनवलेल्या आणि विकलेल्या' वस्तूंना सूट, असं तिथे म्हटलंय. माल दुकानदाराने किंवा बचत गटाने विकला तर काय, यावर लेखी खुलासा मागा. ही मागणी फुकटची आहे, मान्य होण्याची शक्यताही जास्त.

'सूक्ष्म उद्योग' ही व्याख्या तर मुळीच वापरू नका. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे दहा कोटींपर्यंतची उलाढाल. एवढ्या मोठ्या वर्गाला सूट कुणी देणार नाही. नमुन्यामागे वर्षाला अमुक नग, अशी मर्यादा सुचवा.

आणि "आम्ही शोभेची वस्तू म्हणून विकतो" ही पळवाट कागदावर आणू नका. मुलाच्या खेळण्यासाठी बनवलेली वस्तू, मग तिचा दुसरा उपयोग असला तरी, खेळणंच ठरते.

रंधा-पटाशी

नगांची मर्यादा पटली, मसुदा बदलतोय. पण रंगाचं काय? "आमचे रंग सुरक्षित आहेत" हे कशाच्या आधारावर लिहायचं?

उत्तर: मोजपट्टी

नुसतं तसं लिहूच नका, डबा दाखवा. घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० च्या वर नको असा आपल्याकडे २०१६ चा नियम आहे आणि डब्यावर तसं छापावं लागतं. औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत, आणि सुटा रंग घेणारे नेमके तिथेच फसतात. पिवळा, नारिंगी आणि त्यांच्यापासून केलेला हिरवा आधी तपासा. स्वस्त पिवळ्यात लेड क्रोमेट (शिशाचं रंगद्रव्य) असू शकतं.

आकड्यांत गल्लत करू नका. अमेरिकेचे ९० म्हणजे रंगातलं एकूण शिसं. आपल्या खेळण्यांच्या मानकातले (आयएस ९८७३ भाग ३) ९० म्हणजे किलोमागे विरघळून बाहेर येणारे मिलिग्रॅम. रंग खरवडून, बारीक करून, अगदी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांवर एक तास हलवतात आणि एक तास तसाच ठेवतात. पोटातल्या आम्लाची ती नक्कल आहे. म्हणून एका देशाचा अहवाल दुसऱ्या देशात जसाच्या तसा चालत नाही.

खर्च वाचवायला रंगांच्या मिश्र चाचणीची सवलत मागता येईल. समान वजनाचे तीन रंग एकत्र तपासायचे आणि निकाल ९० ऐवजी ३० च्या आत आला तर तिघेही पास. ३० च्या वर गेला तरच प्रत्येक रंग वेगळा तपासायचा. एकूण शिशासाठी अमेरिकेत अशी पद्धत मान्य आहे.

उत्तर: सुतारपक्षी

रंगापेक्षा लाकडी माल चाकाच्या खुंटीवर जास्त नापास होतो. ओलं लाकूड वापरून पावसाळ्यात खुंटी ठोकली की घट्ट वाटते. तेच खेळणं उन्हाळ्यात कोरड्या हवेत गेलं की खुंटी आकसते आणि ओढल्यावर हातात येते. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या तिरप्या तळाच्या नळीत ती पूर्ण मावली, की तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ते खेळणं बाद.

खुंटी आणि चाक दोन्ही १० टक्क्यांच्या आसपास ओलाव्यापर्यंत वाळवा, ओलावा मापकाने मोजा, मगच डिंक लावून ठोका. त्या मोजणीची वही ठेवा: तारीख, लाकूड, ओलावा, नग. पत्रासोबत अशा वहीची दोन पानं जोडा. प्रत्येक नमुन्याच्या अहवालाऐवजी तुकडीची नोंद चालेल का, हे विचारताना अधिकाऱ्यासमोर ठेवायला तेवढी लागतातच.