सागाच्या तुळईची गिटार: ब्रिज कुठे बसवू?

अमळनेरकर:
रामराम मंडळी. आमचं धाब्याचं घर उतरवलं तेव्हा सागाच्या दोन तुळया मी जळणात जाऊ दिल्या नाहीत. त्यांच्या फळ्या काढून, जोडून स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटारच्या) आकाराची बॉडी कापलीय, जाडी ४५ मिमी. नेक (गिटारची मान) तयार मागवला, साडेपंचवीस इंच स्केलचा, म्हणजे तारेची वाजणारी लांबी तेवढी. खाचेत घट्ट बसतो. आता साधा फिक्स ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) लावायचाय, पण भोक पाडायला हात धजत नाही. नेटवरच्या नकाशात बॉडीच्या टोकापासून माप दिलंय. तेच धरू का? पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) एकच, दोन गुंडाळ्यांचा हंबकर. आवाज कमी-जास्त करायचे पॉट २५० के (किलोओहम) मिळालेत.

भुसावळचे काका:
बॉडीच्या टोकापासून काहीच मोजू नको भाऊ. तो नकाशा दुसऱ्याच्या बॉडीचा. नटपासून, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंत, म्हणजे नेकवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपर्यंत, ३२४ मिमी भरतंय का बघ. तेवढंच पुढे गेलं की ६४८, म्हणजे तुझे साडेपंचवीस इंच; तिथे रेष मार. पातळ ई तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तारेखालचा सरकता तुकडा) जवळपास पूर्ण नेककडे आणून त्या रेषेवर ठेव. तार दाबली की ताणते, सूर चढतो, आणि तो उतरवायला सॅडल मागेच न्यावं लागतं. जाड ईला सगळ्यात जास्त.

मग दोन्ही ईच्या जागी नटपासून ब्रिजपर्यंत शिवणाचा दोरा ताण. शेवटच्या फ्रेटवर दोन्ही कडांपासून सारखं अंतर हवं. नेक तिरका असेल तर इथेच कळतं. तोवर ब्रिज डबल टेपवर राहू दे.

आणि जुनी तुळई आहे, राऊटर (लाकडात खाच कापायचं यंत्र) लावण्याआधी लोहचुंबक फिरव. आत खिळे असतात.

जळगाववाला:
हंबकरला पॉट ५०० के घ्या, २५० वर आवाज बोथट येतो. ब्रिजखालून एक वायर पॉटच्या पाठीला जोडा, नाहीतर गुणगुण थांबणार नाही. घरातलं अर्थिंगही तपासा, तारांना सतत हात असतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये नेक सुकून फ्रेटची टोकं बोचू लागली तर घाबरू नका, कानशीने हलकेच घासा.

अमळनेरकर:
काका, मोजलं. ३१४ येतंय! दोनदा बघितलं.

भुसावळचे काका:
मग तो पावणेपंचवीसचा नेक आहे. खाच तीच असते, स्केल आखूड. परत पाठवायचा तर पाठव, पण वाजवायला वाईट नाही, तारा जरा मऊ लागतात. ठेवणार असशील तर रेष ६२८ वर मार. पिकअपची खाच कापली नाहीस ना अजून? ब्रिजबरोबर तिची जागाही सरकेल.

अमळनेरकर:
नाही, फक्त पेन्सिलने आखलीय. खोडतो. नेक ठेवतोय.